व्हॅम्पायरची दंतकथा नेमकी कुठून आली? सर्बियातील उकरलेल्या थडग्यांची सरकारी नोंद

जुनाकागद (धागाकर्ता)

भुताखेतांच्या समजुतींचा उगम शोधायला गेले की बहुतेक वेळा हाती फारसे काही लागत नाही. गोष्ट तोंडी चालत आलेली असते, सांगणारा ती आजोबांच्या नावावर टाकतो आणि माग तिथेच संपतो. व्हॅम्पायर हा त्याला मोठा अपवाद आहे. थडग्यातून उठून आपल्याच आप्तांचे रक्त शोषणाऱ्या मृताची समजूत पूर्व युरोपात जुनी होती, पण ती गावशीव ओलांडून जगभर गेली ती अठराव्या शतकातल्या काही सरकारी कागदांमुळे. कोणत्या गावात कोणाचे थडगे उघडले, आत काय दिसले आणि खाली सही कोणी केली, हे सारे त्या कागदांत नोंदलेले आहे. माझे मत आरंभीच मांडतो, म्हणजे चर्चेला धरून बोलता येईल. ही समजूत एखाद्या क्रूर राजापासून आली नाही आणि एखाद्या दुर्मीळ रक्तविकारापासूनही आली नाही. एकामागून एक माणसे मरत असताना घाबरलेल्या गावकऱ्यांनी प्रेते उकरून स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले, त्यावरून ती घडली. त्यांनी पाहिलेले बहुतांशी खरे होते. त्याचा लावलेला अर्थ तेवढा चुकला.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १७१८ च्या पोझारेवात्सच्या तहाने उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजवटीकडे आला. नवा मुलूख, नवे अधिकारी आणि प्रत्येक गोष्ट वरिष्ठांना लेखी कळवण्याची त्यांची शिस्त, असा तो काळ होता. तोवर गावातल्या गावात उरकले जाणारे प्रकार आता प्रथमच दप्तरात चढू लागले.

१७२५ मध्ये किसिल्येवो गावात पीटर प्लोगोयोवित्स नावाचा शेतकरी वारला. त्याला पुरून सुमारे दहा आठवडे झाले होते, तेव्हा आठ दिवसांत गावातली नऊ माणसे, चोवीस तासांच्या आजाराने, दगावली. पीटर झोपेत आपल्या अंगावर आला आणि त्याने गळा दाबला, असे त्यांनी मरण्यापूर्वी सांगितले. त्याच्या बायकोने तर आपला मेलेला नवरा घरी येऊन पायताणे मागून गेला असे सांगितले आणि ती गाव सोडून निघून गेली. गावकऱ्यांनी फ्रॉम्बाल्ड नावाच्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याला थडगे उघडताना हजर राहण्याची गळ घातली. वरून परवानगी येईपर्यंत थांबा, असे तो म्हणाला, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की तोवर गाव ओस पडेल, तुर्कांच्या अमलात असेच एक गाव संपले होते, आणि परवानगी नसेल तर आम्ही घरेदारे टाकून जातो. फ्रॉम्बाल्ड नाइलाजाने गेला. त्याने लिहिले की प्रेताला दुर्गंधी नव्हती, नाक थोडे बसले होते पण बाकी देह ताजा होता, केस, दाढी आणि नखे वाढलेली होती, जुनी कातडी सुटून खाली नवी दिसत होती आणि तोंडात ताजे रक्त होते. गावकऱ्यांनी छातीत खुंटा ठोकला, तेव्हा कानांतून व तोंडातून रक्त आले. मग प्रेत जाळले. अहवालाच्या शेवटी त्याने विनंती केली आहे की यात काही चूक झाली असेल तर तिचा दोष मला न देता भीतीने भान हरपलेल्या जमावाला द्यावा. हा अहवाल त्याच वर्षी व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला.

खरा गाजला तो मात्र पुढचा प्रकार. पश्चिम मोरावा नदीकाठच्या मेद्वेजा गावात हायदुक, म्हणजे सरहद्दीची राखण करणारे शेतकरी शिपाई, राहत. त्यांच्यातला अर्नोल्ड पाओले गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला होता. तुर्की सर्बियात असताना आपल्याला एका व्हॅम्पायरने छळले होते आणि त्यातून सुटण्यासाठी आपण त्याच्या थडग्यातली माती खाल्ली व त्याचे रक्त अंगाला फासले, असे तो जिवंतपणी सांगत असे. तो गेल्यावर महिन्याभरात लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या आणि चार जण दगावले. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास त्याला उकरले, खुंटा ठोकला आणि जाळले. ठोकताना तो मोठ्याने कण्हला, अशी नोंद आहे.

सुमारे पाच वर्षांनी, १७३१ च्या अखेरीस, त्याच गावात तीन महिन्यांत सतरा माणसे गेली. डिसेंबरात ग्लासर नावाचा साथीचा वैद्य तिथे पोहोचला. त्याला संसर्गजन्य साथ आढळली नाही, कडक उपासांनी आणि कुपोषणाने लोक खचले आहेत असे त्याचे निदान होते. गावकऱ्यांना ते पटले नाही. दोन-तीन घरची माणसे रात्री एका घरात जमत, काही झोपत आणि काही पहारा देत, ही त्याची नोंद मला सगळ्यांत बोलकी वाटते. अखेर बेलग्रेडहून लष्करी शल्यचिकित्सक योहान फ्ल्युकिंगर याला पाठवण्यात आले आणि जानेवारी १७३२ मध्ये त्याने एकामागून एक थडगी उघडवली.

त्या यादीतली दोन नावे जवळून पाहण्यासारखी आहेत. स्टाना ही वीस वर्षांची तरुणी बाळंतपणात, तीन दिवसांच्या आजाराने, दोन महिन्यांपूर्वी गेली होती. तिच्या छातीत न गोठलेले रक्त सापडले, आतडी ताजी होती, आणि हातापायांची कातडी जुन्या नखांसह गळून खाली नवी कातडी व नवी नखे दिसली. दुसरी मिलिझा, साठ वर्षांची. तिला ओळखणारे हायदुक शेजारी उभे होते. ही बाई जन्मभर काटकुळी होती, थडग्यात पडून ती इतकी अंगाने भरली कशी, असे म्हणून ते थक्क झाले. फ्ल्युकिंगरने हे सगळे प्रामाणिकपणे टिपले. कुजलेली प्रेते पुन्हा पुरण्यात आली आणि न कुजलेल्यांची डोकी रोमा (जिप्सी) लोकांकरवी तोडून, देह जाळून, राख मोरावा नदीत सोडण्यात आली. अहवालावर फ्ल्युकिंगर, त्याचे दोन सहायक आणि दोन लष्करी अधिकारी अशा पाच जणांच्या सह्या आहेत. त्याच वर्षी जर्मन विद्यापीठांतून यावर पुस्तिकांचा पाऊस पडला आणि लंडनच्या वृत्तपत्रांतही बातमी गेली. अडाणी खेडुताची गप्प म्हणून जी गोष्ट सहज झटकली गेली असती, ती पाच जबाबदार माणसांच्या सह्यांमुळे युरोपला झटकता आली नाही.

ऋतुगंध

लेख अतिशय आवडला, परंतु एक मूलभूत शंका आहे. व्हॅम्पायर म्हटले की सर्वसाधारणपणे वालाकियाचा, म्हणजे आजच्या रोमानियातल्या एका प्रदेशाचा, राजा व्लाद, म्हणजे शत्रूंना सुळावर देणारा तो 'ड्रॅक्युला', मूळ पुरुष मानला जातो. कित्येक मराठी लेखांतही मी तसेच वाचले आहे. आपण त्याचा एका वाक्यात निकाल लावला आहे. त्यामागची कारणे सविस्तर सांगाल का?

जुनाकागद

अवश्य. व्लाद पंधराव्या शतकातला. त्याची मुख्य कारकीर्द १४५६ ते १४६२ ची. त्याच्या क्रौर्याची जर्मन पत्रके त्याच शतकात छापली गेली आणि त्यांनी त्याच्याविरुद्ध सांगायचे काही बाकी ठेवलेले नाही. तरीही तो मेल्यावर उठून आला किंवा त्याने लोकांचे रक्त शोषले, असा आरोप त्यांत नाही. किसिल्येवो आणि मेद्वेजाच्या अहवालांतही त्याचा मागमूस नाही.

ही सांगड ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीमुळे बसली. स्टोकरची हस्तलिखित टिपणे फिलाडेल्फियातल्या रोझेनबाख संग्रहालयात जपलेली आहेत, त्यामुळे इथेही अंदाज बांधत बसावे लागत नाही. १८९० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या वाचनालयात वालाकियाविषयीचे एक जुने पुस्तक वाचताना त्याला 'ड्रॅक्युला' हे नाव सापडले. त्या भाषेत त्याचा अर्थ सैतान, एवढे त्याने टिपून घेतले. त्याआधी कादंबरीतल्या व्हॅम्पायर सरदाराचे नाव 'काउंट वॅम्पायर' असे ठरले होते. सुळावर दिलेल्या माणसांचा उल्लेख त्या टिपणांत कुठेही नाही. म्हणजे व्हॅम्पायरची समजूत आधीपासून होती, कादंबरीचा आराखडाही आधीच तयार होता आणि राजाचे केवळ नाव त्यावर नंतर येऊन बसले. ऐन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी त्याला मूळ पुरुष ठरवले. मला याचा खेद होतो, कारण राजाच्या झगमगाटात स्टाना आणि मिलिझा यांच्यासारखी खरी माणसे विस्मरणात गेली.

शल्यक

वैद्यकीय बाजूने भर घालतो. फ्ल्युकिंगरच्या नोंदी वाचताना मला तरी कुठेही खोटेपणा जाणवला नाही. मृत्यूनंतर आतड्यांतले जिवाणू देहालाच खाऊ लागतात आणि वायू तयार होतो. त्याने पोट, छाती आणि चेहरा फुगतो, म्हणून काटकुळी मिलिझा भरलेली दिसली. तोच दाब फुप्फुसांतला काळसर, रक्ताळ द्रव घशातून वर ढकलतो आणि तो तोंडा-नाकातून ओघळतो. पाहणाऱ्याला वाटते की प्रेत नुकतेच रक्त पिऊन पहुडले आहे. रक्त मृत्यूनंतर गोठते हे खरे, पण पुष्कळदा ते पुन्हा पातळ होते, विशेषतः अचानक आलेल्या मृत्यूत. वरची त्वचा सुटून हातमोज्यासारखी निघते आणि नखेही तिच्याबरोबर येतात. खाली उघडा पडणारा ओलसर, लालसर थर म्हणजेच ती 'नवी कातडी'. केस आणि दाढी वाढत नाहीत, भोवतालची त्वचा आकसल्यामुळे आधी आत असलेला भाग उघडा पडतो.

पाओलेचे कण्हणेसुद्धा समजण्यासारखे आहे. फुगलेल्या छातीत खुंटा ठोकला की आतला वायू एकदम स्वरयंत्रातून बाहेर पडतो आणि आवाज होतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाला तो आवाज खरोखरच ऐकू आला असणार.

पॉर्फिरिया या रक्तविकाराचा सिद्धांत १९८५ च्या सुमारास फार गाजला आणि आजही तो पुढे केला जातो. रुग्णाला ऊन सहन होत नाही, दात लालसर दिसतात, म्हणून तो रक्त पीत असावा, अशी ती मांडणी होती. परंतु ज्या प्रकारात ही लक्षणे तीव्र असतात तो प्रकार अत्यंत दुर्मीळ आहे आणि रक्त पिऊन त्या विकाराला उतार पडत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सर्बियन अहवालांतला व्हॅम्पायर फिकट, कृश आणि उन्हाला भिणारा नाहीच. तो तांबूस, फुगीर, शेतकऱ्याच्या घरचा मृत आहे. उन्हाने व्हॅम्पायर भस्म होतो ही कल्पना १९२२ च्या एका जर्मन मूकपटापासून रूढ झाली. एवढ्या अलीकडच्या कल्पनेवरून दोन शतकांपूर्वीच्या रुग्णाचे निदान करणे योग्य नाही.

तळकोकणी

पीटरने पायताणे मागितली हे वाचून मी क्षणभर थांबलो. आमच्या वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला मोठाल्या चपला वाहतात, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक असेल. देव रात्री गावाच्या रक्षणासाठी हिंडतो आणि त्यात त्या झिजतात, अशी आमची श्रद्धा आहे. या दोहोंचा परस्परसंबंध आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. उलट फरकच लक्षात येतो. वेताळ हा प्रेतात शिरणारा, स्मशानात वावरणारा असला तरी त्याची पूजा होते, तो राखणदार आहे, आणि त्याने ज्याला धरले तो पुढे स्वतः वेताळ होतो असे आपल्याकडे कोणी मानत नाही. व्हॅम्पायरच्या समजुतीचा कणाच तो आहे की एकाचा दुसऱ्याला लागतो.

साम्य शोधायचेच असेल तर ते हडळ आणि मुंजा यांच्याशी सापडेल. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी गेला तर मुंजा होऊन पिंपळावर राहतो. स्टाना बाळंतपणातच गेली होती, हे मला अर्थपूर्ण वाटते. अकाली, अर्ध्यावर तुटलेल्या मरणाची भीती दोन्हीकडे आहे. मात्र आपल्याकडे बहुसंख्य समाजांत दहन होत असल्यामुळे दोन महिन्यांनी देह पाहण्याची वेळच येत नाही, आणि म्हणून आपले भूत देहाविना राहिले, त्यांचे देहासकट, असे मला वाटते. आपले मत काय?

जुनाकागद

तळकोकणी, आपला शेवटचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, फक्त तो सरसकट लावता येणार नाही. लिंगायत समाजात पुरण्याची रीत आहे, संन्याशांना आणि लहान मुलांनाही पुरतात, आणि तरीही तिथे व्हॅम्पायरसारखी समजूत वाढली नाही. तेव्हा केवळ पुरणे पुरेसे नाही. पुरलेले पुन्हा उकरून पाहण्याची रूढी हवी आणि 'न कुजलेला देह म्हणजे अशुभ' असा अर्थ लावणारी परंपराही हवी. बाल्कन प्रदेशातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजात काही वर्षांनी अस्थी बाहेर काढून धुण्याची चाल अनेक ठिकाणी होती. देह तोवर विरघळलेला असावा अशी अपेक्षा असे, आणि तो तसा नसला की मृताला शांती लाभली नाही असे मानत. गावकऱ्यांकडे अर्थ तयार होता, साथीने त्याला निमित्त दिले.

एकाचा दुसऱ्याला लागतो, हे आपण नेमके पकडले आहे. माझ्या दृष्टीने तो संसर्गाचाच सिद्धांत होता. पहिला रुग्ण मरतो, मग त्याची शुश्रूषा करणारी बायको, मग मुले, मग शेजारी. हा क्रम खेडुतांनी बरोबर ओळखला होता. जंतू ठाऊक नसताना त्या क्रमाचे कारण कुठे शोधणार? जो आधी गेला त्याच्यातच.

परदेशस्थ

संसर्गाचा मुद्दा निघालाच आहे, तर मी राहतो त्या न्यू इंग्लंड भागातले उदाहरण देणे योग्य ठरेल. ऱ्होड आयलंडमधल्या एक्सेटर गावी जॉर्ज ब्राउन या शेतकऱ्याची बायको आणि थोरली मुलगी १८८० च्या दशकात क्षयाने गेल्या. १८९२ च्या जानेवारीत एकोणीस वर्षांची मर्सी गेली आणि मुलगा एडविन अंथरुणाला खिळलेला होता. मेलेल्यांपैकी कोणीतरी एडविनचा जीव ओढत आहे, असे शेजाऱ्यांनी ठरवले. बापाचा त्यावर विश्वास नव्हता, पण शेजाऱ्यांच्या आग्रहापुढे त्याने संमती दिली. १७ मार्चला तिघींचे देह तपासण्यात आले. आई आणि थोरलीचे जवळजवळ सांगाडे झाले होते. मर्सीचा देह हिवाळ्यामुळे जमिनीवरच्या शवगृहात ठेवलेला होता, दोन महिने बर्फाळ थंडीत, आणि साहजिकच तो टिकून होता. हृदयात रक्त सापडले. तपासणाऱ्या डॉक्टरने हे सर्व स्वाभाविक असल्याचे आणि फुप्फुसांत क्षयाची चिन्हे असल्याचे सांगितले. तरीही हृदय तिथेच एका खडकावर जाळले आणि त्याची राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. २ मे रोजी तोही गेला.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे या घटनेच्या दहा वर्षे आधी. पण त्यावर औषध नव्हते. डॉक्टर 'कारण' सांगू शकत होता, 'उपाय' देऊ शकत नव्हता. शेजाऱ्यांच्या सांगण्यात निदान करण्यासारखे काहीतरी होते. मी त्या बापाच्या जागी असतो तर काय केले असते, हे मला ठामपणे सांगता येत नाही.

शेजारच्या कनेक्टिकट राज्यातल्या ग्रिस्वोल्ड गावात १९९० मध्ये एक जुनी दफनभूमी उघडी पडली. त्यात एका पुरुषाची कवटी आणि मांड्यांची हाडे जागची उचलून छातीवर फुलीसारखी मांडलेली होती. बरगड्यांवर क्षयासारख्या आजाराच्या खुणा होत्या. शवपेटीवर खिळ्यांनी 'जेबी ५५' अशी अक्षरे काढलेली होती आणि २०१९ मध्ये डीएनएच्या साह्याने तो जॉन बार्बर नावाचा शेतकरी असावा असा निष्कर्ष निघाला. हृदय जाळायला थडगे उघडले, ते आधीच नाहीसे झालेले दिसले, म्हणून हाडे विस्कटली, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

ऋतुगंध

आता माझी शेवटची अडचण मांडते. मेद्वेजात एकाच दफनभूमीत काही देह पूर्ण कुजलेले होते आणि शेजारचे ताजे. माती तीच, ऋतू तोच. फ्ल्युकिंगरलाही याचेच नवल वाटले असणार. नैसर्गिक कारण असेल तर ते सर्वांना सारखे का लागू झाले नाही? आणि शासनाने हा प्रकार कधी थांबवला की नाही?

जुनाकागद

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, पहिल्याचे शल्यक देतील. १७५५ मध्ये सायलेशियातल्या हेर्मर्सडॉर्फ गावी रोझिना पोलाकिन या मृत स्त्रीला व्हॅम्पायर ठरवून उकरले आणि जाळले. सम्राज्ञी मारिया थेरेसाने चौकशी लावली आणि तिचे राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांनी त्यावर अहवाल लिहिला. त्यांचे म्हणणे असे की देह न कुजण्याची साधी नैसर्गिक कारणे असतात आणि अशा प्रकरणांत मृतांची विटंबना होते. त्याच वर्षी सम्राज्ञीने हुकूम काढला की भूत, चेटूक वा व्हॅम्पायर यांविषयीच्या कोणत्याही प्रकरणात धर्माधिकाऱ्यांनी परस्पर काही करू नये, ते सरकारी अधिकाऱ्यांकडे द्यावे आणि वैद्याकडून तपासून घ्यावे. रोझिनाला त्याचा उपयोग झाला नाही. पण १७३२ मध्ये सरकारी शल्यचिकित्सकाच्या देखरेखीखाली प्रेतांची डोकी तोडली गेली होती, आणि तेवीस वर्षांनी त्याच राजवटीने त्यावर बंदी घातली, हा बदल लहान नाही.

शल्यक

ऋतुगंध, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर 'माती तीच' या शब्दांतच दडलेले आहे. माती तीच असली तरी खड्ड्याची खोली, पाण्याचा निचरा, पेटी आहे की नुसते कापड, देहावरची चरबी, मरताना असलेला ताप, पुरण्याआधी देह किती वेळ उबेत पडून होता, या प्रत्येक गोष्टीने कुजण्याचा वेग बदलतो. उघड्यावर एका आठवड्यात जेवढे होते, तेवढे जमिनीखाली व्हायला सुमारे आठ आठवडे लागतात, असा न्यायवैद्यकातला जुना ढोबळ नियम आहे. तो सर्बियाच्या हिवाळ्याला लावला तर दोन महिन्यांपूर्वी पुरलेली स्टाना ताजी दिसली यात काहीच अघटित नाही. तापाने फणफणून गेलेला किंवा जखमेत पू झालेला देह मात्र त्याच ओळीत कितीतरी आधी नाहीसा होऊ शकतो. आपण समजतो की मेलेले सारे एका गतीने मातीत मिसळतात. मेद्वेजाच्या लोकांनीही तसेच गृहीत धरले होते, आणि जो देह त्या अपेक्षेप्रमाणे वागला नाही तो त्यांनी गुन्हेगार ठरवला.